विश्वामित्री चढते तेव्हा: तळमजल्यावरच्या बडोदेकरांसाठी

बडोद्यात पुराचं पाणी बऱ्याच वेळा पाऊस उघडल्यावर घरात शिरतं. बाहेरगावाहून इथे राहायला आलेल्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून आधी तीच सांगते. २०२४ साली जन्माष्टमीला, म्हणजे २६ ऑगस्टला, आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. पुढे त्याचा जोर ओसरला, लोकांनी गॅलरीत येऊन हुश्श केलं, आणि विश्वामित्री नदी मात्र चढतच राहिली. काळ्या घोड्याच्या पुलापाशी ती ३५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी आहे २६. पाऊस थांबला म्हणून ज्यांनी सामान वर चढवायचं सोडून दिलं, त्यांचे सोफे, गाद्या, फ्रिज सगळं पाण्यात गेलं.

मी कारेलीबागेत, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर राहते. घरात सासूबाई आहेत, त्या वॉकर धरून चालतात. आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपणही माझ्याकडे आहे, त्यामुळे दर पावसाळ्यात "ताई, आता काय करायचं?" हा प्रश्न मलाच येतो. त्याचं सविस्तर उत्तर एकदा लिहून ठेवते आहे. समा, हरणी, फत्तेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, नदीच्या काठाने कुठेही राहत असाल तर उपयोगी पडेल.

आधी पाणी येतं कुठून ते समजून घ्या. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगवते. तिकडच्या, हालोलच्या बाजूच्या पावसाचं पाणी आजवा तलावात साठतं. सयाजीराव महाराजांनी १८९०च्या सुमारास शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव अजूनही आपल्याला पाणी देतो. तो भरला की जास्तीचं पाणी विश्वामित्रीत येतं आणि काही तासांनी शहरात पोचतं. आपल्या डोक्यावर ऊन पडलेलं असतं आणि काल पावागडाकडे पडलेला पाऊस आपल्या दारात येत असतो.

दुसरी अडचण खालच्या बाजूला. शहर ओलांडून विश्वामित्री ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. देव नदीच्या धरणातून पाणी सोडलं की तेही ढाढरमध्येच येतं. ढाढर आधीच तुडुंब असेल तर आपल्या नदीला रिकामं व्हायला जागा राहत नाही, पाणी शहरातच थबकतं. म्हणून २०२४चं पाणी इतकं रेंगाळलं.

आणि तिसरा प्रकार म्हणजे नुसत्या पावसाचं पाणी. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला, तेव्हा नदीपासून लांब असलेल्या वस्त्यांतही गुडघाभर, कंबरभर पाणी भरलं. नदी वर असली की पावसाळी गटारांची तोंडं पाण्याखाली जातात आणि रस्त्यावरचं पाणी नदीत जायचं सोडून उलटं वर येतं. तेव्हा "आम्ही नदीपासून लांब आहोत" या भरवशावर राहू नका.

२०२५च्या पावसाळ्याआधी शहरातल्या पट्ट्यात नदी रुंद आणि खोल करण्याचं मोठं काम झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण पावागडाकडचा पाऊस, आजवा आणि ढाढर आहेत तिथेच आहेत, म्हणून माझी यादी मी एका ओळीनेही कमी केलेली नाही.

तुमच्या घराचा आकडा काढा

हे काम मे महिन्यात करायचं. पावसात कुणाला डोकं थाऱ्यावर नसतं.

महापालिका पावसाळ्यात दोन आकडे सतत देत असते: आजव्याची पातळी आणि शहरातल्या पुलांवरची नदीची पातळी. आजव्याचा आकडा २११, २१२ असा असतो. नदीचा १५, २०, २६ असा. दोन्ही फुटांत असले तरी त्यांचा एकमेकांशी मेळ घालू नका, मोजायची सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून होते. आणि काळ्या घोड्याला ३० फूट म्हणजे तुमच्या अंगणात ३० फूट असंही नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगा. आमच्या सासूबाई तो आकडा टीव्हीवर ऐकून घाबरून गेल्या होत्या.

आता जुन्या शेजाऱ्यांना विचारा: २०१९ला पाणी कुठवर आलं होतं? २०२४ला कुठवर? कंपाउंडच्या भिंतीवर चिखलाची रेघ बहुधा अजून दिसते. गेटात पाणी शिरलं तेव्हा काळ्या घोड्याला किती होतं, हे सोसायटीच्या ग्रुपवरचे जुने मेसेज चाळलेत तर सापडतं, कारण लोक तासातासाला आकडे टाकत असतात. आमच्या गेटाचा आकडा २९ निघाला आणि उंबऱ्याचा ३१. तुमचा वेगळा असेल. समा आणि वडसर यांची गत एक नाही, म्हणून दुसऱ्या भागातल्या नातेवाइकांचा आकडा उसना घेऊ नका. शक्य असेल तर तुमच्या जवळच्या पुलाचा आकडा धरा.

आकडा मिळाला की हिशोब सोपा आहे. समजा नदी २२वर आहे आणि तासाला अर्धा फूट चढते आहे. २९ गाठायला ७ फूट बाकी, म्हणजे १४ तास. संध्याकाळी सातला हे गणित केलंत तर पाणी सकाळी नऊला गेटात. पण चढायचा वेग वाढूही शकतो, म्हणून मी हाताशी आहे त्या वेळातला अर्धाच आपला धरते. म्हणजे रात्री दोनपर्यंत सगळं आवरलेलं हवं आणि सासूबाई तर अंधार पडायच्या आधीच वर पोचायला हव्यात.

आम्ही तीन टप्पे ठरवून ते लिफ्टच्या शेजारी कागदावर लावले आहेत. काळ्या घोड्याला १८ झाले की पाण्याच्या टाक्या भरायच्या, मोबाइल आणि बॅटऱ्या चार्ज करायच्या, औषधं तपासायची. २२ला गाड्या उंचावर न्यायच्या आणि आजारी, म्हातारी, बाळंतीण, लहान मुलं यांना वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे पोचवायचं. २६ला तळमजला रिकामा, मेन स्विच बंद. त्या वेळी कुणी "बघू या अजून तासभर" म्हणालं तरी थांबायचं नाही. ठरवलेलं ठरवलेलं. आकडे तुमच्या जागेप्रमाणे बदला, पण ते लिहून, सगळ्यांच्या संमतीने ठरवा. ऐन वेळी चर्चा सुरू झाली की तास निघून जातात.

पाणी दारातून येण्याआधी मोरीतून येतं

हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना पटत नाही. दाराला फळ्या लावून, फटींत कपडे कोंबून माणसं बसतात, आणि पाणी संडासातून, बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे काढत वर येतं. ते गटाराचं पाणी असतं. सगळ्यांत घाण तेच.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि थोडी रेती मे महिन्यातच आणून ठेवा. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत रेती अर्धी भरून तोंड घट्ट बांधायचं. पिशवी गच्च भरू नका, अर्धी भरलेली असली तरच ती भांड्याच्या आकारात नीट बसते. एक कमोडमध्ये दाबून बसवायची, एक मोरीच्या जाळीवर, एक वॉशिंग मशिनच्या पाइपाच्या तोंडाशी. दाराशी गोण्या लावताना आधी मेणकापड पसरा, त्यावर गोण्या विटांच्या जोडासारख्या एकाआड एक रचा आणि कापडाचं टोक वरून दुमडून घ्या. यामुळे वीतभर पाणी थोपतं. उंबऱ्याच्या बरंच वर पाणी जाणार असं दिसलं तर दाराशी झुंजत बसू नका, सामान वर न्या.

सामान वर नेण्याचाही क्रम असतो. आधी कागदपत्रं, औषधं, देवघरातले देव. मग इन्व्हर्टरची बॅटरी, कारण ती जमिनीवरच असते. पण आधी इन्व्हर्टर बंद करून इलेक्ट्रिशियनकडून वायरी सोडवून घ्या. मग गाद्या, धान्य, कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांतले कपडे. फ्रिजबद्दल मुद्दाम सांगते. रिकामा फ्रिज पाण्यावर तरंगतो. विटांवर चढवून ठेवलेला फ्रिज पाणी वाढलं की उचलला जातो, आडवा पडतो, आणि नेमका दाराशी जाऊन अडकला तर दार उघडत नाही. वर नेता येत नसेल तर तो खिडकीच्या गजाला दोरीने बांधा. गॅसचा सिलिंडरही तरंगतो. रेग्युलेटर बंद करून, काढून, सिलिंडर उभा बांधायचा.

मेन स्विच हात आणि पाय कोरडे असतानाच बंद करायचा. मीटरच्या खोलीत पाणी शिरलं असेल तर स्विचला हात लावायला जाऊ नका, वीज कंपनीला फोन करून तो भाग बंद करायला सांगा. पुरात शॉक लागूनही माणसं जातात. लिफ्ट सगळ्यांत वरच्या मजल्यावर नेऊन तिचा पुरवठा तोडा, कारण खालचा खड्डा पहिल्यांदा भरतो. आमच्या सोसायटीने मीटर आणि मेन बोर्ड पुरुषभर उंचीवर घेतले. सभेत खर्चावरून बरीच वादावादी झाली, तरी मी आग्रह सोडला नाही. तुम्हीही सोडू नका.

गाड्या बेसमेंटमध्ये ठेवू नका. वेळ असतानाच उड्डाणपुलाच्या कडेला, पोलीस परवानगी देतील तिथे किंवा उंच भागातल्या ओळखीच्यांकडे लावा. बुडालेली गाडी पाणी उतरल्यावर चावी फिरवून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. सुरू करू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं. ओढून गॅरेजला न्या. आणि विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलंय का ते पावसाळ्याआधी बघा, कारण साध्या पॉलिसीत ते बहुतेक वेळा नसतं.

वर अडकलेले दिवस

वीज गेली की पंप बंद, म्हणून गच्चीवरची टाकी आधीच भरलेली हवी. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरा आणि निदान तीन दिवसांचं ठेवा. वापरायच्या पाण्यासाठी बादल्या, टब, पातेली, काही सोडू नका. मोठा प्लॅस्टिकचा टब हवाच. २०१९च्या पुरात इथल्या एका पोलीस अधिकाऱ्याने तान्ह्या बाळाला टबात निजवून, टब डोक्यावर धरून, गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं होतं.

खायला न शिजवता चालेल असं ठेवा: खाखरे, दशम्या, थेपले, सुका चिवडा, शेंगदाणे, गूळ, खजूर, दुधाची पावडर. श्रावण-भाद्रपदात घरात उपासाची माणसं असतात, त्यांच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू. ओआरएसची पाकिटं, तापाची गोळी, टेप, कात्री. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडच्या गोळ्या निदान पंधरवड्याच्या. इन्सुलिन असेल तर थर्मासची सोय आधी करा. सासूबाईंच्या डायपरचं एक पाकीट मी जून ते सप्टेंबर शिल्लकच ठेवते. ही गोष्ट यादीत लिहायला लोक संकोचतात आणि मग त्या माणसाचे हाल होतात.

वॉकरवरच्या माणसाला जिना चढवायचा असेल तर प्लॅस्टिकची हात असलेली मजबूत खुर्ची घ्या. पुढे एक, मागे एक, दोघांनी उचलायची, बसलेल्या माणसाचा चेहरा उतरणीकडे, म्हणजे खुर्ची किंचित मागे कललेली राहते आणि माणूस पुढे घसरत नाही. कमरेला ओढणी बांधा. कोरड्या दिवशी एकदा करून बघा. आम्ही वरच्या मजल्यावरच्या दादांना घेऊन ते केलं, तेव्हा कुठे सासूबाईंची भीती गेली. आता त्याच "चला, खुर्ची आणा" म्हणतात.

फोनमध्ये आणि कागदावरही हे नंबर लिहा: ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. कागदावर अशासाठी की मोबाइल बंद पडतो.

मगरी

बडोद्याचा पूर इतर शहरांच्या पुरासारखा नाही, त्याला कारण मगर. विश्वामित्रीत शहराच्या मधोमध मगरी राहतात, पिढ्यान् पिढ्या. नदी दुथडी भरली की प्रवाहाच्या जोरापुढे त्याही टिकत नाहीत आणि संथ पाण्याकडे, म्हणजे आपल्या गल्ल्यांकडे, येतात. २०२४ला वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी वस्त्यांमधून कितीतरी मगरी पकडून नेल्या. घराच्या छपरावर चढून बसलेल्या मगरीचा फोटो सगळ्यांनी पाहिला असेल.

त्यामुळे गढूळ पाण्यात उतरायचंच नाही. दूध आणायला नाही, व्हिडिओ काढायला नाही. मॅनहोलची झाकणं उघडलेली असतात, शॉकची भीती असते आणि पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. जावंच लागलं तर बचाव दलाच्या बोटीतून किंवा ट्रॅक्टरमधून. मुलांचे पाय ओट्यावरून पाण्यात सोडू देऊ नका, कुत्र्याला पाण्याच्या कडेला नेऊ नका.

पाणी ओसरल्यावर धोका संपला असं समजू नका. उलट तेव्हा मगरी चिखलात, डबक्यात मागे राहतात. खाली उतरण्याआधी जिन्यावरूनच टॉर्च मारा: गाड्यांच्या खाली, पंपाच्या खोलीत, तुळशीवृंदावनाच्या मागे, कंपाउंडच्या कोपऱ्यात. अंधारात मगरीचे डोळे टॉर्चमध्ये निखाऱ्यासारखे चमकतात. दिसली तर लांब राहा, गेट उघडं ठेवा, माणसं हटवा, वनखात्याला कळवा. दगड मारू नका, काठीने डिवचू नका. उन्हाळ्याच्या शेवटी अंड्यांतून पिल्लं बाहेर पडलेली असतात, तीही वाहून येतात. हातभर पिल्लू दिसलं तरी उचलू नका. कपाटाच्या मागे, बुटांत, गुंडाळलेल्या सतरंजीत साप असतो, म्हणून प्रत्येक वस्तू आधी काठीने हलवा आणि मगच हात घाला.

घरात परत जाताना

आधी फोटो काढा. साफ करण्याआधी. भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक खोली, प्रत्येक बिघडलेली वस्तू, तिचा मॉडेल नंबर. विम्याला आणि सरकारी सर्वेला हेच लागतं.

मग चिखल. तो ओला असतानाच काढायचा. वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो. वीज बंद असल्याची खात्री असेल आणि पाणी घोट्याखाली आलं असेल तर त्या उतरत्या पाण्याचाच उपयोग करून वायपरने गाळ बाहेर ढकलत राहा. गमबूट, हातमोजे घालूनच. पायाला जखम असेल तर या कामाला हातच लावू नका, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतामुळे घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, जखमेतून शिरतो. पुरानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात उतरलो होतो" हे आपणहून सांगा.

जमिनीखालची टाकी कधीही "पाणी तर स्वच्छ दिसतंय" म्हणून वापरू नका. पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, ते पाणीही काढून टाकून मग भरा. त्यानंतरही काही दिवस पिण्याचं पाणी उकळूनच. क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्या तर पाकिटावरच्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा. पुराचं पाणी लागलेली औषधं, पीठ, उघडं धान्य टाकून द्या. जीव तुटतो, पण टाका.

मेन स्विच इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय चालू करायचा नाही. भिंतीतल्या पेट्यांत पाणी साचून राहतं.

भिजलेले जुने फोटो वाचवता येतात, आणि हे माहीत नसल्यामुळे घराघरांतले अल्बम कचऱ्यात जातात. आपल्या मराठी घरांत दांडियाबाजारातल्या, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांतून आलेले पणजोबांचे फोटो असतात, त्यांची निगेटिव्ह कुठेही नाही. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, चित्राचा थर निघून येतो. परातीत स्वच्छ गार पाणी घ्या, त्यात ती चवड तशीच ठेवा, थोड्या वेळाने फोटो आपोआप सुटे होऊ लागतात. एकेक अलगद हलवून चिखल धुवा, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, मग सुती धोतरावर चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. उन्हात ते वळतात. तेवढा वेळ हाताशी नसेल तर फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवा, घर आवरल्यावर काढून सोडवा. कागदपत्रांचंही तसंच. पत्रिका, दस्त, सनदा यांची पानं ओली असताना उलटू नका, पानांमध्ये छपाई नसलेला टीपकागद घालून तो बदलत राहा. शाईचं लिखाण असेल तर मात्र पाण्यात बुडवू नका, नुसतं टिपा.

शेवटी मदतीचं. महसूल खात्याची माणसं सर्वेला आली तेव्हा घर बंद असेल तर नाव राहून जातं, म्हणून सोसायटीने एका माणसाकडे सगळ्या घरांची यादी, फोटो, आधारकार्डाच्या आणि बँक पासबुकाच्या प्रती द्याव्यात. भाडेकरूंची नावं त्यात असायलाच हवीत. नुकसान त्यांचंच जास्त होतं आणि यादीत तेच राहतात. वॉचमन, कामवाल्या बाई, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांच्या वस्तीत सर्वे झाला का हेही विचारा. झाला नसेल तर अर्ज लिहून द्या, दोन प्रती काढा, आणि एकीवर पोच घेऊन ती त्यांच्याच हातात ठेवा.